मोरियासू जपानला का आवडतात, आणि मध्येच का आवडेनासे होतात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी टोकियोत जपानने फुटबॉलमध्ये ब्राझीलला ३-२ असं हरवलं. मध्यंतराला जपान दोन गोलांनी मागे होता. नंतर मिनामिनो, केइतो नाकामुरा आणि उएदा यांनी वीस मिनिटांत तीन गोल ठोकले. त्याआधी या दोन देशांत तेरा सामने झाले होते आणि जपानला त्यातला एकही जिंकता आलेला नव्हता.

या संघाचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू. त्या वेळी वय सत्तावन्न, अंगात सूट, हातात छोटी वही. सामना चालू असताना ते तिच्यात सतत काहीतरी टिपत असतात. आज जपानमध्ये या माणसाला मोठा मान आहे. पण त्या विजयाच्या बरोबर चार वर्षं आधी, म्हणजे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, तिथली समाजमाध्यमं त्यांच्या हकालपट्टीच्या मागणीने भरून वाहत होती. माणूस तोच, वही तीच, कामाची पद्धतही जवळपास तीच. मग मधल्या काळात झालं काय?

"जिंकायला लागले, म्हणून आवडायला लागले" हे उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. उरलेलं समजायला फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं काम नेमकं काय असतं, इथून सुरुवात करावी लागेल.

प्रशिक्षक करतो तरी काय?

आपली नजर क्रिकेटला सरावलेली. क्रिकेटमध्ये मैदानावरचे बहुतेक निर्णय कर्णधार घेतो. गोलंदाजी कोणाला द्यायची, क्षेत्ररक्षण कसं लावायचं, हे सगळं तोच बघतो. प्रशिक्षक तंबूत बसलेला असतो. फुटबॉलमध्ये हे उलटं आहे. कोण खेळणार, कोण कुठे उभा राहणार, कोणाला कधी बाहेर काढून कोणाला आत पाठवायचं, हे सगळं प्रशिक्षकच ठरवतो. कर्णधाराच्या दंडाला पट्टी असते, रेफरीशी बोलायचं काम त्याचं, पण डाव आखणारा तो नसतो. म्हणून फुटबॉलमध्ये हार झाली की पहिलं बोट प्रशिक्षकाकडे जातं.

त्यातही क्लबचा प्रशिक्षक वेगळा आणि देशाच्या संघाचा वेगळा. क्लबचा प्रशिक्षक घरच्या स्वयंपाक्यासारखा असतो. रोज त्याच चुलीवर रांधतो, मीठ कमी पडलं तर उद्या सुधारतो, लागेल ती भाजी बाजारातून आणतो. देशाचा प्रशिक्षक म्हणजे लग्नाचा आचारी. भाजी दुसऱ्याने आणलेली, भांडी भाड्याची, मदतीला आलेली माणसं चार गावांची, आणि दोन दिवसांत हजार पानं उठवायची. वर वरमाय तक्रार करणार ती वेगळीच.

हे दोन दिवस म्हणजे 'फिफा विंडो'. वर्षातले काही ठरावीक दिवस जागतिक संघटना जाहीर करते आणि त्या दिवसांत क्लबांना आपले खेळाडू देशाच्या संघासाठी सोडावेच लागतात. एरवी खेळाडू क्लबचा. जपानचे बहुतेक खेळाडू आता युरोपात खेळतात. सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी ते लांबचा विमानप्रवास करून येतात, एक-दोन सराव होतात आणि सामना. एवढ्या वेळात नवीन काही शिकवणं जवळपास अशक्य. जे जमतं ते असं की माणसं नीट निवडायची, एकमेकांशी जुळवायची आणि डोकी शांत ठेवायची. मोरियासूंवरचं कौतुक आणि टीका, दोन्ही इथूनच निघतात.

ताऱ्यांच्या संघातला बिनताऱ्याचा माणूस

नामवंत खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला की त्याला जुनं प्रेम आयतं मिळतं. मोरियासूंना ते फारसं मिळालं नाही.

त्यांचा जन्म १९६८ चा, लहानपण नागासाकीत गेलं. १९८७ मध्ये ते हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या संघात दाखल झाले. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हतंच, कंपन्यांचे संघ असत. आपल्याकडे महिंद्रा किंवा एअर इंडियाचे संघ होते, तसाच तो प्रकार. पुढे १५ मे १९९३ रोजी दहा क्लबांची 'जे-लीग' सुरू झाली आणि माझदाच्या संघाचा 'सानफ्रेचे हिरोशिमा' हा व्यावसायिक क्लब झाला.

मोरियासू बचावात्मक मिडफिल्डर होते. म्हणजे बचावफळीच्या जरा पुढे उभं राहून समोरच्याचा हल्ला तिथल्या तिथे तोडायचा, चेंडू हिसकावायचा आणि जवळच्या चांगल्या खेळाडूकडे देऊन टाकायचा. या जागेवरच्या खेळाडूची छायाचित्रं फारशी छापून येत नाहीत. ३५ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यांचा गोल एकच.

१९९२ मध्ये जपानने पहिल्यांदा परदेशी व्यावसायिक प्रशिक्षक नेमला. ते होते डच प्रशिक्षक हान्स ओफ्ट. त्यांनी आधी माझदाच्या संघाला शिकवलेलं होतं, त्यामुळे या मुलाची किंमत त्यांना माहीत होती. त्यांनी त्याला थेट राष्ट्रीय संघात घेतलं. संघात काझुयोशी मिउरासारखा झगमगता तारा होता आणि त्याच्या मागे घाम गाळायला मोरियासू.

दोहा, १९९३

२८ ऑक्टोबर १९९३ ची रात्र जपानी फुटबॉलमध्ये आजही 'दोहाची शोकांतिका' म्हणून ओळखली जाते. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मोरियासूंबद्दल जपानी माणसाला जे वाटतं त्याचं मूळ इथे आहे.

१९९४ च्या विश्वचषकासाठी आशियातले सहा संघ कतारच्या दोहा शहरात शेवटची फेरी खेळत होते. जागा दोन. शेवटच्या सामन्याआधी जपान गटात पहिला होता. इराकला हरवलं की जपान पहिल्यांदाच विश्वचषकात जाणार होता. पाचव्या मिनिटाला मिउराने गोल केला. दुसऱ्या अर्धात इराकने बरोबरी साधली, मग नाकायामाने जपानला पुन्हा २-१ ने पुढे नेलं. नव्वद मिनिटं संपली. भरपाईची वेळ सुरू झाली आणि इराकला कॉर्नर मिळाला. सगळ्यांना वाटलं, चेंडू थेट गोलासमोर येणार. इराकने तो आखूड मारून जवळच्या खेळाडूला दिला, त्याने पुढे उंच टाकला, कोणीतरी डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. २-२.

गुणांत जपान आणि दक्षिण कोरिया सारखे, पण कोरियाचा गोलफरक, म्हणजे केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांमधलं अंतर, जास्त होता. सौदी अरेबिया आणि कोरिया अमेरिकेला गेले. जपानचे खेळाडू मैदानातच कोसळले. पंचवीस वर्षांचे मोरियासू त्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानावर होते.

पुढे १९९८ मध्ये जपान पहिल्यांदा विश्वचषकात गेला, तेव्हा मोरियासू संघात नव्हते. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला विश्वचषक आलाच नाही. १९९३ मध्ये ज्यांनी तो सामना टीव्हीवर पाहिला, त्या पिढीच्या मनात ते 'आपल्याबरोबर रडलेला माणूस' म्हणून राहिले. ही चाहतेगिरी नव्हे. फार तर ओळख म्हणा. पण पुढे ती कामाला आली.

हिरोशिमातला गृहपाठ

चांगला खेळाडू निवृत्त झाला की लगेच संघ हातात, असं जपानमध्ये चालत नाही. तिथल्या संघटनेची परवान्यांची उतरंड आहे. पायरी पायरीने शिकायचं, परीक्षा द्यायच्या, आणि सर्वांत वरचा परवाना मिळाल्याशिवाय जे-लीगमध्ये मुख्य प्रशिक्षक होता येत नाही. खेळाडू म्हणून तुम्ही कितीही मोठे असा, वर्गात बसावं लागतं.

२००३ च्या हंगामानंतर खेळणं थांबवून मोरियासूंनीही हाच रस्ता धरला. हिरोशिमात आणि मग निइगाताच्या क्लबमध्ये सहायक म्हणून काम केलं. २०१२ मध्ये हिरोशिमाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं, तेव्हा परिस्थिती काही सुखाची नव्हती. आधीचे प्रशिक्षक मिहाइलो पेत्रोविच यांनी देखणा, हल्लेखोर खेळ बसवला होता, आणि ते स्वतः उरावाच्या श्रीमंत क्लबकडे निघून गेले होते. पुढे एकेक करून चांगले खेळाडूही तिकडे जात राहिले.

नवा माणूस आला की जुनं मोडून स्वतःची छाप पाडायची, हा मोह मोठा असतो. मोरियासूंनी तसं केलं नाही. पेत्रोविच यांची मांडणी तशीच ठेवली, फक्त बचाव घट्ट केला. पहिल्याच वर्षी हिरोशिमा जे-लीगचा विजेता झाला, क्लबच्या इतिहासात प्रथमच. त्या हंगामात हिसातो सातोने २२ गोल केले. २०१३ मध्ये पुन्हा विजेतेपद, २०१५ मध्ये तिसऱ्यांदा. चार वर्षांत तीन, तेही दरवर्षी कोणीतरी सोडून जात असताना.

म्हणजे दुसऱ्याने आणलेल्या भाजीवर रांधायची सवय तिथेच लागली होती, असं मला वाटतं. अर्थात शेवट गोड नव्हता. २०१७ मध्ये संघ तळाला घसरला आणि जुलैत त्यांना पायउतार व्हावं लागलं. हेही लक्षात ठेवायला हवं, कारण मोरियासूंना हारच माहीत नाही अशा थाटाचे लेख हल्ली बरेच दिसतात.

लोक चिडले होते ते उगाच नव्हे

२०१८ च्या रशियातल्या विश्वचषकात ते सहायक होते. बेल्जियमविरुद्ध जपान २-० ने पुढे होता आणि शेवटच्या क्षणी ३-२ ने हरला. त्यानंतर त्यांना राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक नेमलं गेलं. टोकियो ऑलिंपिकच्या तरुण संघाची जबाबदारी आधीपासून होतीच. दोन संघ, माणूस एक. २०१९ च्या आशिया कपची अंतिम लढत कतारने ३-१ ने जिंकली. ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, पदक हुकलं.

मग विश्वचषकाची पात्रता फेरी आली. २ सप्टेंबर २०२१ रोजी जपान स्वतःच्या मैदानावर ओमानकडून ०-१ हरला. पुढच्या महिन्यात जेद्दाहमध्ये सौदी अरेबियाकडूनही ०-१. तीन सामन्यांत तीन गुण. १९९८ पासून एकही विश्वचषक न चुकलेल्या देशात हाहाकार उडाला.

टीका काय होती? बदली खेळाडू फार उशिरा उतरवतात. ठरलेल्या जुन्या खेळाडूंनाच धरून बसतात. सामना हातातून निसटत असताना काही करत नाहीत, नुसते वहीत लिहीत बसतात. आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की डावपेच खेळाडूंवरच सोपवतात, म्हणजे स्वतःकडे काही योजनाच नाही. आज वाचताना ही टीका कठोर वाटते, पण तेव्हाचे सामने पाहिले तर ती निराधार म्हणता येत नाही.

१२ ऑक्टोबरला सायतामात ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना. हरले असते तर बहुधा त्यांची नोकरी गेली असती. राष्ट्रगीताच्या वेळी त्यांचे डोळे भरून आलेले टीव्हीवर स्पष्ट दिसले. त्या दिवशी त्यांनी नेहमीची मांडणी बदलली, मधल्या फळीत तीन जण उभे केले आणि त्यात तरुण आओ तानाकाला घेतलं. तानाकानेच आठव्या मिनिटाला गोल केला. जपान २-१ ने जिंकला आणि पुढे जिंकतच गेला. मार्च २०२२ मध्ये सिडनीत काओरू मितोमाने शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकाचं तिकीट पक्कं केलं.

तरीही लोक खुश नव्हते. त्याच महिन्यात घरच्या मैदानावर व्हिएतनामशी १-१, जूनमध्ये ट्युनिशियाकडून ०-३. कतारला जाताना मोरियासू लोकप्रिय नव्हते, फक्त खुर्चीवर शाबूत होते.

कतारमध्ये काय बदललं?

२३ नोव्हेंबर २०२२, समोर जर्मनी. पहिल्या अर्धात जपानला चेंडू दिसतच नव्हता. गुंदोगानने पेनल्टीवर गोल केला. आणखी दोन-तीन झाले असते तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

मध्यंतरात मोरियासूंनी मांडणी बदलली. त्याआधी मागे चार बचावपटू होते, आता त्यांनी मधोमध तीन ठेवले आणि दोन्ही कडांना एकेक खेळाडू दिला, जो हल्ल्यात पुढे धावेल आणि बचावाला मागे येईल. मागे तीन म्हणजे बचावात्मक खेळ, असं वाटू शकतं. इथे उलट झालं. मधला दरवाजा तिघांनी सांभाळल्यामुळे कडेचे दोघे मोकळे सुटले. मग एकापाठोपाठ एक हल्ला करणारे खेळाडू आत आले. मितोमा, आसानो, दोआन, मिनामिनो. शेवटी तर जवळपास निम्मा संघ गोल करणाऱ्यांचा होता. ७५ व्या मिनिटाला दोआनने बरोबरी केली. ८३ व्या मिनिटाला इटाकुराने मागून लांब चेंडू टाकला, आसानोने तो धावता धावता पायावर झेलला आणि जर्मन गोलरक्षक नॉयरच्या डोक्यावरून अगदी अरुंद कोनातून जाळ्यात मारला. दोन्ही गोल बाकावरून आलेल्यांचे.

पुरुषांच्या विश्वचषकात तीनऐवजी पाच बदली खेळाडू वापरायची मुभा कतारमध्येच पहिल्यांदा मिळाली. नव्वद मिनिटांचा सामना दोन वेगवेगळ्या संघांनी खेळावा तसा तो मोरियासूंनी विभागला. पहिल्या तुकडीने फार नुकसान न होऊ देता समोरच्याला दमवायचं, दुसरीने घाव घालायचा. १ डिसेंबरला स्पेनविरुद्ध हेच. पहिल्या अर्धात ०-१, मध्यंतराला दोआन आणि मितोमा आत, ४८ व्या मिनिटाला दोआनचा गोल, ५१ व्याला तानाकाचा. चेंडूचा ताबा जपानकडे जेमतेम १८ टक्के वेळ होता आणि जिंकला जपान. मोरियासूंनी नंतर सांगितलं की शेवटच्या मिनिटाला त्यांना दोहा आठवलं होतं. कतारमध्येच, भरपाईच्या वेळेत, एका गोलाने पुढे असलेला जपान. पण या वेळी खेळाडू मागे सरले नाहीत, चेंडूवर तुटून पडत राहिले.

आता गंमत बघा. उशिरा बदल करणारा, खेळाडूंवर सोपवणारा, वहीत लिहीत बसणारा माणूस रातोरात धीराचा, खेळाडूंवर विश्वास टाकणारा, शांत माणूस झाला. त्या वहीवरून विनोद सुरू झाले की तिच्यात ज्या संघाचं नाव लिहिलं जातं तो हरतो. ज्यांनी हकालपट्टी मागितली होती त्यांच्यातले पुष्कळ जण समाजमाध्यमांवर माफी मागू लागले. जपानला हे नवीन नाही. २०१० च्या विश्वचषकाआधी संघ घरी कोरियाकडून ०-२ हरला, तेव्हा प्रशिक्षक ताकेशी ओकादांना लोकांनी धारेवर धरलं होतं. मग दक्षिण आफ्रिकेत कॅमेरून आणि डेन्मार्कला हरवल्यावर ओकादांची माफी मागणाऱ्यांचा पूर आला.

हे सगळं नशीबच नाही का?

थोडंफार आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

स्पेनविरुद्धचा दुसरा गोल घ्या. दोआनचा चेंडू गोलरेषेच्या बाजूच्या रेषेवरून बाहेर जात होता, मितोमाने पाय लांबवून तो आत ओढला आणि तानाकाने गोल केला. छायाचित्रांत चेंडू साफ बाहेर दिसत होता. पण नियम असा की चेंडू पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच तो बाहेर. चेंडू गोल असल्यामुळे त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू रेषेच्या बाहेर असला, तरी त्याचा फुगीर भाग वरून बघितल्यास रेषेवर येऊ शकतो. व्हिडिओ रेफरींनी वरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं आणि गोल दिला. चेंडूचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर होता, असं नंतर प्रसिद्ध झालं. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या अंतरावर एका माणसाची लोकप्रियता ठरावी, याला दुसरं काय म्हणणार?

शिवाय मधल्या सामन्यात जपान कोस्टारिकाकडून ०-१ हरला होता. त्या चार दिवसांत सगळी टीका परत आली होती. आणि ५ डिसेंबरला क्रोएशियाविरुद्ध १-१ नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ३-१ ने हार झाली. जपानच्या चार पेनल्टींपैकी तीन क्रोएशियाच्या गोलरक्षकाने अडवल्या. कोण मारणार, हे मोरियासूंनी ठरवलेलं नव्हतं. ज्याची तयारी आहे त्याने हात वर करावा, असं सांगितलं होतं. खेळाडूंवर सोपवण्याची सवय इथे अंगाशी आली, असं माझं स्पष्ट मत आहे. पेनल्टीसारख्या क्षणी जबाबदारी वरिष्ठाने स्वतःच्या शिरावर घ्यावी, खेळाडूंनी एकमेकांची तोंडं बघत उभं राहू नये.

पण नशिबाचा हिशेब मांडायचा तर पुढचंही मांडावं लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये जपानने जर्मनीला जर्मनीतच, वोल्फ्सबुर्गला, ४-१ ने धुतलं. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने आपले प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांना काढून टाकलं. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये, यजमान देश सोडले तर, २०२६ च्या विश्वचषकासाठी जगात सर्वांत आधी पात्र ठरला तो जपान. एकदा नशीब म्हणता येतं, दरवेळी नाही.

श्रेय खेळाडूंचं, की प्रशिक्षकाचं?

१९९८ च्या विश्वचषकात जपानचे सगळेच्या सगळे २२ खेळाडू देशातल्याच क्लबांत खेळणारे होते. २०२२ मध्ये २६ पैकी १९ युरोपात होते. त्यातले आठ तर जर्मनीतच. म्हणजे जर्मनीविरुद्ध उतरलेले कित्येक जण दर शनिवारी त्याच खेळाडूंसमोर खेळत होते. त्यांना कसली धास्ती वाटणार?

तेव्हा खेळाडू चांगले झाले, हे खरंच. पण ते झाले कसे, हे पाहिलं तर जे-लीग, शाळांमधलं फुटबॉल आणि परवानाधारक प्रशिक्षकांचं जाळं दिसतं. दहा क्लबांची लीग आता तीन विभागांत साठ क्लबांची झाली आहे. २००५ मध्ये जपानच्या संघटनेने जाहीर केलं की २०५० पर्यंत विश्वचषक स्वतःच्या देशात भरवायचा आणि जिंकायचा. तेव्हा लोक हसले असतील. मोरियासू आता विश्वचषक जिंकण्याचं ध्येय उघडपणे बोलून दाखवतात आणि फारसं कोणी हसत नाही.

चांगले खेळाडू मिळाल्यावर अडचण वेगळीच होते. युरोपातल्या वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडे वेगवेगळे डाव शिकून आलेली ही मुलं तीन दिवसांसाठी एकत्र येतात. त्यांना "माझंच ऐका" म्हणणारा प्रशिक्षक चालला असता का? मोरियासूंच्या आधी, एप्रिल २०१८ मध्ये, संघटनेने वाहिद हलिलहोजिच यांना विश्वचषक दोन महिन्यांवर असताना काढलं होतं, आणि त्याचं एक कारण खेळाडूंशी तुटलेला संवाद हे दिलं होतं. मोरियासू विचारतात, ऐकतात, सहायकांना खरंखुरं काम देतात. हाच गुण हरल्यावर "स्वतःकडे काही नाही" असा दिसतो. म्हणून मी म्हणतो, त्यांची पद्धत बदलली नाही, तिच्याकडे बघायचा चष्मा निकालागणिक बदलला.

यात संघटनेचा वाटा लोक सहसा विसरतात. २०२१ मध्ये त्यांना काढलं असतं तर आज हा लेखच नसता. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचा करार वाढवला, तेव्हा विश्वचषक झाल्यावरही पुढच्या विश्वचषकापर्यंत तोच प्रशिक्षक, असं जपानमध्ये पहिल्यांदाच घडलं.

इतके चांगले, तर आशिया कप का नाही?

हा प्रश्न जपानी चाहतेही विचारतात आणि त्याचं समाधानकारक उत्तर नाही. २०२४ च्या सुरुवातीला आशिया कपमध्ये, पुन्हा कतारमध्येच, जपान गटात इराककडून १-२ हरला आणि उपांत्यपूर्व फेरीत इराणकडूनही १-२. समाजमाध्यमांवर जुन्या तक्रारी शब्दशः परतल्या.

एक कारण दिसतं. जर्मनी, स्पेन, ब्राझील हे संघ पुढे येऊन खेळतात, मागे जागा सुटते आणि जपानचे वेगवान खेळाडू तिथे घुसतात. आशियातले बरेच संघ जपानसमोर मागे बसतात, उंच, लांब चेंडू टाकतात, अंगाला अंग भिडवतात. तिथे वाट बघून घाव घालायची पद्धत उपयोगी पडत नाही, स्वतःहून दार फोडावं लागतं. चीनला सप्टेंबर २०२४ मध्ये ७-० ने हरवलं तेव्हा ते जमलंही होतं. पण बाद फेरीत, समोर इराणसारखा तगडा संघ असताना, मोरियासूंचा जपान अजून अडखळतो.

आपल्याकडे याचं काय?

जपानी खेळाडू प्रशिक्षक झाल्याचं एक उदाहरण आपल्या दारातही आहे. शिमोनोसेकीत जन्मलेला आराता इझुमी भारतात आधी ईस्ट बंगाल आणि महिंद्रा युनायटेडकडून आणि मग बरीच वर्षं पुणे एफसीकडून खेळला. बालेवाडीत त्याला बघायला येणारी मुलं त्याच्या नावाने ओरडायची. त्याचे वडील मूळ भारतीय. जपानचं नागरिकत्व सोडून त्याने भारताचं घेतलं आणि २०१३ मध्ये भारतासाठी खेळला. पुढे नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत तो मुलांना शिकवू लागला.

आणि देशी प्रशिक्षकाचा प्रश्न भारतापुढेही आहेच. २०११ मध्ये गोव्याचे आर्मांदो कोलासो आणि मग गोव्याचेच साव्हियो मेदेरा यांच्याकडे भारतीय संघ होता. त्यानंतर परदेशी प्रशिक्षकांची रांग लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली, तेव्हा कुठे ती तुटली. जमीलही माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू, त्यांची बरीच कारकीर्द मुंबईत गेली, आणि २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला त्यांनी आय-लीग जिंकून दिली. पण त्यांची मोरियासूंशी तुलना करण्याची घाई नको. मोरियासूंच्या पाठीशी तीस वर्षांची लीग आणि टीकेच्या काळात दम धरणारी संघटना होती.

मोरियासूंनंतर कोण?

जपानमध्ये ही चर्चा दबक्या आवाजात सुरू आहे. संघटनेचे अध्यक्ष २०२४ पासून त्सुनेयासू मियामोतो आहेत, म्हणजे २००२ आणि २००६ च्या विश्वचषकातले कर्णधार. मोरियासूंच्या सहायकांत २०२४ पासून माकोतो हासेबे आहेत. त्यांनी तीन विश्वचषकांत नेतृत्व केलं आणि चाळिशीपर्यंत जर्मनीत खेळले. हासेबे मोरियासूंपेक्षा खेळाडू म्हणून कितीतरी जास्त लोकप्रिय होते, त्यामुळे पुढेमागे तेच येणार असं अनेकांनी गृहीत धरलं आहे. मला इतकी खात्री नाही. लाडक्या खेळाडूला पहिल्या हारेनंतर लोक जास्त सांभाळून घेतात, की जास्त चिडतात, हे जपानने अजून नीट अनुभवलेलं नाही. मोरियासूंकडून कोणाच्या फारशा अपेक्षाच नव्हत्या, आणि सुरुवातीला तो त्यांचा मोठा फायदा होता.